एका राजवटीचं भाषांतर

संपादकांचं पत्र आलं : 'आपल्या कारकिर्दीतले काही अनुभव अंकासाठी लिहून पाठवा.' ते वाचून मी आधी हसले आणि मग सवयीप्रमाणे गोंधळले. तालुक्याच्या कोर्टाबाहेर, कुंपणाला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत एक टाइपरायटर घेऊन सव्वीस वर्षं बसलेल्या बाईची कसली आलीय कारकीर्द? कारकीर्द राजाची असते. पण मग आठवलं, की माझ्याकडच्या जुन्या कोशात ज्या इंग्रजी शब्दापुढे 'कारकीर्द, राजवट, अंमल' असे अर्थ छापलेत, त्याच एका शब्दाने मला सगळ्यात जास्त छळलं. तेव्हा त्याच्याविषयीच लिहिते. बाकीची सव्वीस वर्षं तशी सांगण्यासारखी नाहीत.

आधी धंदा काय ते सांगते. कर्जतच्या बाजूला तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, इंग्रजी कागद आला की घरात मयत झाल्यासारखं वातावरण व्हायचं. कुणाला बँकेचं पत्र, कुणाला विम्याचं, कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघालेला साहेबाच्या सहीचा हुकूम. माणसं तो कागद दोन्ही हातांत धरून माझ्याकडे यायची. मी तो वाचायचा, मराठी करायचं, टाइप करायचं आणि खाली लिहायचं, 'वरील भाषांतर मुळाबरहुकूम बरोबर असे.' त्याखाली माझी सही. कोर्टात लावायचा कागद असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र. माझं शिक्षण बी.ए. पहिल्या वर्षापर्यंत. बाकीचं इंग्रजी कोशातून आणि कोर्टातल्या कागदांतून गोळा केलेलं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एका स्थळासाठी मुलाची माहिती इंग्रजीत करून हवी होती, मुलीकडचे परदेशात होते. मुलाच्या वडिलांनी लिहून आणलं होतं, 'डोळे पाणीदार.' मी सरळ 'वॉटरी' टाइप केलं. महिन्याने ते गृहस्थ आले आणि म्हणाले, "बाई, ते लोक ईचारत्यात, मुलाच्या डोळ्याचं आप्रेशन झालंय का म्हून." लग्न तिथे झालं नाही. पुढे इथलीच मुलगी मिळाली, आणि मला लाडूसुद्धा आले, पण तो शब्द मला बरीच वर्षं टोचत राहिला.

दुसरी एक आई. मुलगा लष्करात. पोस्टमनने पत्रातला एकच शब्द ओळखला होता, 'रिग्रेट', आणि तो तिला म्हणाला होता की ही दुःखाची बातमी दिसते. ती पाच कोस रडत चालत आली होती. पत्रात एवढंच होतं, की आपल्या मुलाची रजा मंजूर करता येत नाही याबद्दल खेद वाटतो. मी सांगितल्यावर ती बाई टेबलाच्या कडेला डोकं टेकून पुन्हा रडली. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं होतं, की एका शब्दाने माणूस मरतो आणि जिवंत होतो हे मला कळलंय. ते वाटणं खोटं होतं. मला काहीच कळलं नव्हतं.

आता तो शब्द. इंग्रजीत एकाच उच्चाराचे तीन शब्द आहेत, तिन्ही 'रेन'. एक पाऊस. दुसरा घोड्याचा लगाम. तिसरा राजाची राजवट. त्याचं स्पेलिंग आर-ई-आय-जी-एन. त्यातला जी लिहायचा, पण बोलायचा नाही. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या वैद्य सरांना मी पुढे एकदा विचारलं होतं, की हा जी मग हवाच कशाला? सर म्हणाले, "अगं, तो राजासारखाच आहे. काही करत नाही, नुसता बसलेला असतो. राज्यकारभार करणं वेगळं आणि गादीवर असणं वेगळं. हा शब्द गादीवर असण्याचा." मग त्यांनी आणखी वापर सांगितले. वर्गात शांतता 'रेन' करते, बाजारात गोंधळ 'रेन' करतो. म्हणजे तिथे राजा कुणीच नसतो, तरी राज्य चालू असतं. मी ते वहीत उतरवून घेतलं, पण डोक्यात नीट बसलं नाही. आपल्याकडे लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं, त्याला बिचाऱ्याला सगळ्यांना शोधत फिरावं लागतं. आपलं राज्य म्हणजे भोग, आणि इंग्रजांचं म्हणजे बसणं. अशा दोन भाषांच्या मधे बसून मी पोट भरत होते.

एका उन्हाळ्यात आप्पासाहेब माझ्याकडे आले. कर्जतपासून आठ-दहा मैलांवरच्या एका गावचे बागायतदार. गोड बोलणारे, पांढरे स्वच्छ कपडे. त्यांच्या हातात एका जुन्या इंग्रजी हुकुमाची झेरॉक्स होती.

"बाई, वाटेची केस हाय," ते म्हणाले. "आमच्या बांधावरनं वस्तीतली लोकं जातायेतात. औंदा डाळिंब लावलंय, कुंपन केलंय. आता म्हनत्यात आमचा हक्क हाय. हा कागद आमच्या आज्याच्या येळचा. काय हाय ते बघा, आन् जे असंल तेच ल्हिवा. मला वाढवून नको, कमी करून नको."

मला हे बोलणं फार आवडलं. भाषांतर करणाऱ्याला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कोणतं?

हुकूम एका पानाचा होता. माथ्यावर इंग्रज बादशहाच्या कारकिर्दीचा उल्लेख होता, म्हणजे तोच शब्द, आर-ई-आय-जी-एन. खाली मजकूर असा, की वस्तीतल्या अर्जदारांना अमुक नंबराच्या शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याची परवानगी देण्यात येत आहे. आणि मग शेवटचे तीन शब्द : 'ड्यूरिंग द रेन्स.' स्पेलिंग तेच, शेवटी एक एस. मी थोडी थांबले. 'राजवटींच्या काळात' हे वाक्य म्हणून विचित्र वाटत होतं. कुणाच्या राजवटी? किती? पण माथ्यावर बादशहा बसलेलाच होता. एकामागून एक राजे येतात, त्या सगळ्यांच्या म्हणत असतील, असं मी मनाशी ठरवलं. आप्पासाहेब समोर बसले होते, मागे दोन माणसं खोळंबली होती. मी टाइप केलं : 'सदर परवानगी राजवटींच्या काळात अमलात राहील.' खाली सही केली.

दोनेक महिन्यांनी एक बाई माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिशीची, हातात अंगणवाडीचं रजिस्टर, डोक्याला घाम. तिच्यामागे काठी टेकत एक म्हातारा.

"टायपिंगच्या बाई तुम्हीच ना?" तिने विचारलं. "मी कमल. बौद्धवस्तीवरची अंगणवाडी सेविका. हे माझे सासरे, भागाजीबाबा." तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. "हे तुम्हीच लिहिलंय का?"

माझंच भाषांतर होतं. मी हो म्हटलं.

"दावा चालू आहे, पण कुंपणाला आताच मनाई करा हा आमचा अर्ज यावर फेटाळला कोर्टानं," कमल म्हणाली. "त्यांचा वकील म्हणाला, राजवट सत्तेचाळीस सालीच संपली, तेव्हाच वाट संपली. आता कुंपण काढायचं कारण नाही. ओढ्याला पाणी आलं की आमच्या वस्तीला दुसरी वाटच नाही, बाई. पोरं शाळेला कुठून जाणार?"

म्हातारा तोपर्यंत बाकावर बसला होता. त्याने शांतपणे विचारलं, "बाई, राजा कदी आल्ता आमच्या वड्यावर?"

मी म्हटलं, "बाबा, कागदावर जे आहे ते मी लिहिलं."

"आमच्या बापानं सायबाला अर्ज केल्ता. सायब घोड्यावर बसून वस्तीवर आला. वड्याला पूर हुता, त्याला सोताला पल्याड जाता येईना. बांधावरनं गेला. तवा म्हनला, पान्याचे चार म्हैने हितनंच जायाचं. बाप मरंस्तोवर आमाला हेच सांगत हुता. त्यात राजा न्हवता."

लोक अशा गोष्टी सांगतातच. कागद कागदाच्या जागी असतो. मी तसं काहीतरी म्हणाले. मग कमलने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळा कागद काढला. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत बापाच्या कागदांत होता, काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कोर्टात हुकुमाचं नाव निघालं तेव्हा तिला तो आठवला.

तोच हुकूम. जुन्या लांब कागदावर टाइप केलेला. मी आप्पासाहेबांची झेरॉक्स माझ्या फायलीतून काढून शेजारी ठेवली. सगळं सारखं, डाव्या समासातली साहेबाची सहीसुद्धा. 'ड्यूरिंग द रेन्स' तेच, स्पेलिंगही तेच. फक्त या कागदावर त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. लांब कागदाची झेरॉक्स आखूड कागदावर काढली, की शेवटची ओळ कापली जाते. रोज माझ्यासमोर घडणारी गोष्ट. मीच लोकांना ओरडत असे, की मोठ्या कागदावर काढा म्हणून.

त्या ओळीत लिहिलं होतं : कोरड्या महिन्यांत पूर्वीप्रमाणे ओढ्याच्या पात्रातून जावे.

कोरडे महिने. मी ती ओळ तीनदा वाचली. राजवट आणि कोरडे महिने यांचा काय संबंध? आणि मग भागाजीबाबांचे पाण्याचे चार महिने आठवले. साहेब पावसाळा म्हणत होता.

पण लगेच दुसरा गोंधळ. कागदावर तर राजवटच होती! अक्षरं स्वच्छ, शाई स्पष्ट. 'मुळाबरहुकूम' म्हणून सही करणाऱ्या माणसाने काय करायचं? जे लिहिलंय ते लिहायचं, की लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते? उद्या मी अर्थ लावत सुटले, तर परवा कुणीही माझ्याकडून हवा तो अर्थ लावून घेईल. कमलला मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या." ती म्हणाली, "आषाढ लागलाय, बाई." आणि गेली.

मी वैद्य सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद भिंग लावून पाहिले. म्हणाले, "शब्द राजवटच आहे. अनेकवचन चालतं. एक अक्षर बदलायचा तुला अधिकार नाही." मी म्हटलं, "आणि कोरडे महिने?" सरांनी भिंग खाली ठेवलं. "हो, ते आहे खरं," म्हणाले आणि दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. शेवटी म्हणाले, "सुधा, मी व्याकरण शिकवलंय गं. हे व्याकरणाच्या बाहेरचं आहे."

त्यांच्याकडून निघताना मी ठरवलं होतं, की काहीच करायचं नाही. वकील वकिलांचं बघून घेतील. शिवाय माझ्या सहीने केलेलं भाषांतर माझ्याच तोंडाने चूक म्हणायचं, तर उद्या माझ्याकडे कोण येणार? दोन दिवसांचे दहा झाले.

अकराव्या दिवशी वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला आणि ओढ्याला पाणी आलं. भागाजीबाबा औषधासाठी गावात गेले होते. परतताना बांधावर कुंपण, म्हणून ते ओढ्यात उतरले. पाणी फार नव्हतं, मांडीपर्यंत होतं, पण पाय दगडावरून सरकला. कमरेचं हाड मोडलं. त्यांना खाटेवर घालून पलीकडे न्यायलाही पाणी ओसरायची वाट बघावी लागली. हे मला कोर्टातल्या शिपायाने सांगितलं, सहज, चहा पिता पिता. मी समोरचा अर्धा टाइप केलेला कागद मशीनमधून काढला आणि कमलच्या वकिलाकडे गेले. "मला साक्ष द्यायची आहे," म्हटलं.

साक्षीला उभी राहायला पुढची संक्रांत उलटली. पंचवीस पावलांवरून रोज पाहिलेलं कोर्ट. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तेच पंखे, त्याच खुर्च्या अनोळखी वाटायला लागल्या. समोरचे, म्हणजे आप्पासाहेबांचे वकील माझ्याकडून आठवड्याला चार अर्ज टाइप करून घेणारे.

"हे भाषांतर तुमचं?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"मूळ शब्दाचं स्पेलिंग सांगा."

मी सांगितलं. आर-ई-आय-जी-एन-एस.

"कुठल्याही कोशात याचा अर्थ पाऊस दिलाय?"

"नाही."

"मग बाई, तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

तेव्हा मी खोटं लिहिलं नव्हतं आणि आताही खोटं बोलत नव्हते, पण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला सांगता येत नव्हतं. आप्पासाहेब पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, माझ्यासारखेच गोंधळून. न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "कोश राहू द्या. तुमच्या धंद्यातलं काय सांगायचंय ते सांगा."

तेव्हा तोंड उघडलं. मी म्हटलं, "साहेब, टायपिस्टला कुणी मजकूर सांगत असतं, तेव्हा तो डोक्याने टाइप करत नाही. कान ऐकतो आणि बोटं चालतात. जो शब्द बोटांच्या सवयीचा, तो आपोआप उमटतो. या कागदाच्या माथ्यावर बघा, बादशहाची कारकीर्द आहे. त्या काळच्या कारकुनाने हा शब्द किती कागदांवर टाइप केला असेल! साहेबाने खाली 'रेन्स' म्हटलं, कानाला तेच ऐकू आलं, आणि बोटांनी सवयीचा शब्द उमटवला. पाऊस म्हणायला गेलेल्या साहेबाच्या कागदावर राजवट आली. कारकुनाच्या बोटांनी जी चूक केली, तीच माझ्या डोळ्यांनी केली. मीही माथ्यावरचा शब्द वाचून खालचा वाचला. वाक्य विचित्र वाटत होतं, तरी थांबले नाही. शेवटची ओळ माझ्या कागदावर नव्हती, हे खरं. पण थांबून मूळ कागद मागायला हवा होता, हेही खरं."

वकील म्हणाले, "म्हणजे हा तुमचा तर्क."

"हो, तर्कच," मी म्हटलं. "पण कोरड्या महिन्यांचा राजा मला कुठे सापडला नाही."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते उतरवून घेतलं.

माझ्याकडचं काम त्यानंतर काही महिने कमी झालं. काही वकील दुसऱ्या टायपिस्टकडे जायला लागले. मग हळूहळू परत आले, कारण तो दुसरा टायपिस्ट पावसाळा आणि पाणीदार यांतलं काहीच धड टाइप करत नव्हता. ही माझी बढाई समजा.

निकाल लागायला आणखी एक पावसाळा गेला. कोर्टाने शेवटच्या ओळीवर भर दिला, माझी साक्ष एका वाक्यात उल्लेखली, आणि पावसाळ्याचे चार महिने बांधावरची वाट खुली ठेवावी असा हुकूम केला. आप्पासाहेबांनी अपील केलं नाही. त्यांनी स्वतः उभं राहून कुंपणाची तार सोडवली, असं कमलने सांगितलं. मला ते एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, मी तर तुमाला जे असंल तेच ल्हिवा म्हनलो हुतो."

पुढच्या श्रावणात मी वस्तीवर गेले. निकालाचं मराठी वाचून दाखवायला, असं निमित्त होतं. भागाजीबाबा आतल्या खोलीत खाटेवर होते. हाड नीट जुळलंच नव्हतं. आता ते उठत नव्हते. मी खाली बसले. रस्ताभर मनात घोळवलेलं वाक्य कसंबसं म्हटलं, "बाबा, हे माझ्यामुळं झालं."

ते आढ्याकडे बघत होते. "व्हय," म्हणाले. "तुमच्यामुळंच झालं."

मी पदर बोटाला गुंडाळत बसले. कमल चहा घेऊन आली, तिनेही काही सावरून घेतलं नाही.

मग बाबा म्हणाले, "वाचा."

मी निकाल वाचला. जिथे कायद्याचा शब्द आला तिथे थांबून सोपं करून सांगितलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग आता जात्यात का लोकं बांधावरनं?"

"जातात की," कमल म्हणाली. "आत्ता शाळा सुटली असंल."

"मला हितनं दिसत न्हाई," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे मान वळवली. "बाई, दारात हुबं ऱ्हावा. कोन कोन चाललंय ते सांगा."

मी दारात जाऊन उभी राहिले. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन वाहत होतं. त्याच्या वरच्या अंगाला, डाळिंबाच्या कडेने, बांधावरून माणसं येत होती. मला त्यातलं कुणीच ओळखीचं नव्हतं.

"एक बाई आहे," मी म्हटलं. "डोक्यावर गवताचा भारा. डाव्या पायाने जरा लंगडते."

"ती सखू," आतून आवाज आला. "फुडं?"

"दोन मुली. निळे फ्रॉक, एकीच्या वेण्या सुटल्यात. मागे एक म्हातारे, खांद्यावर घोंगडी. ते मधेच थांबलेत."

"दम लागतो त्याला. फुडं?"

मी दिसेल तसं सांगत राहिले. एकही शब्द बदलला नाही.